बोरीखालच्या विहिरीतला दिवस

पेपरात बिबट्या छापून आला होता. तो कोल्हा होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी त्याच्यासोबत एका पडक्या विहिरीत होते, म्हणून एवढं तरी खात्रीनं सांगू शकते. पुढे पायाला प्लास्टर घालून घरी पडले होते तेव्हा माणसं भेटायला यायची, आणि कोल्हा म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरायचा. नात्यातल्या एक काकू तर स्पष्टच म्हणाल्या, "अवं माय, कोल्हाच होता का? मले तं वाघ सांगतला होता."

पुण्याची भाची, माझ्या भावाची मुलगी, म्हणाली, "आत्या, तू हे लिही. आयुष्य बदलून टाकणारा अनुभव आहे हा." मी लिहायला बसले. पहिल्यांदा जे उतरलं ते कचेरीतल्या टिपणीसारखं झालं. आयुष्यभर हाताला तेच वळण. दुसऱ्यांदा त्यात उपदेश शिरला. ते कागद चुलीत घालायला चूल नाही, म्हणून फाडून टाकले. आता जसं आठवतं तसं सांगते.

मी वर्ध्याला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. बाबा लवकर गेले. भाऊ लहान होता. त्याचं शिक्षण, मग नोकरी, मग लग्न. माझं लग्न दोनदा जमत आलं आणि राहून गेलं. त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. बोरगाव मेघेत दोन खोल्यांचं घर घेतलं, तिथं आई आणि मी राहिलो. भाऊ पुण्याला गेला तो तिथलाच झाला.

शेवटच्या काळात आई विसरू लागली. आधी वस्तू, मग गल्ली, मग माणसं. त्रिशरण-पंचशील तेवढं तिला अखेरपर्यंत पाठ होतं. संध्याकाळी मेणबत्ती लावली की तिचे हात आपोआप जुळायचे आणि आवाज लागायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाकी सगळं गेलं. ज्या माणसांना ती विसरली त्यांत मीही होते.

ती गेल्यावर मी टीव्ही लावून ठेवायला लागले. पाहायची नाही. दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं, तेवढ्यासाठी. भावाचा फोन रविवारी यायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "औषधं घेतेस ना?" "घेते." सोमवारी सकाळी दूधवाल्याशी बोलताना घसा खरखरायचा, तेव्हा लक्षात यायचं की कालच्या फोननंतर आपण आवाजच वापरला नाही.

वडनेरच्या पुढे आमचं थोडं वावर आहे, बाबांची शेती. ते चुलतभावाच्या मुलाला बटईनं, निम्म्या वाट्यानं, दिलं आहे. तो मला आत्या म्हणतो. वर्षातून एक-दोनदा मी जाऊन यायची. त्या दिवशी असंच सकाळी उठल्यावर वाटलं, जाऊ या. हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला, आला असेल, पाहून येऊ. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. कुलूप लावलं आणि हिंगणघाटची बस धरली.

वावरात पोचले तर हा भाचा नव्हता. नंतर कळलं, तो सासुरवाडीला लग्नाला गेला होता. आमचा हरभरा अजून उभा होता. नाल्याच्या पलीकडे कुणाच्या तरी वावरात मळणीचा थ्रेशर चालू होता, त्याचा धडधडाट इकडेपर्यंत येत होता. ऊन अजून कोवळं होतं. मी धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, फिरत गेले.

टोकाला जुनी विहीर आहे. बाबांच्या वेळेसच तिचे दगड निखळायला लागले होते. पुढे बोअर झाली आणि तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. तोंडाशी बोराटी माजली होती आणि एक बोरीचं झाड. शेवटची बोरं होती, वाळून सुरकुतलेली, तीच सगळ्यात गोड असतात. पर्स मी बाभळीच्या फांदीला अडकवली, मोबाईल त्यातच. पदर खोचला, बोरीची फांदी ओढायला एक पाऊल पुढे टाकलं, आणि गवताखाली जमीन नव्हतीच.

पडताना ओरडले की नाही, आठवत नाही. एका बाजूचं बांधकाम ढासळून, माती खाली येऊन पाण्याच्या वर ढिगारा झाला होता. मी त्याच्यावर आदळले आणि घसरून पाण्यात गेले. पाणी छातीला लागत होतं. इतकं थार, इतकं थंडगार, की श्वासच अडकला. डावा पाय टेकवला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. कोपरांवर सरपटत कशीबशी ढिगाऱ्यावर आले आणि पडून राहिले. वर पाहिलं तर गोल आभाळ, त्यात बोरीची फांदी अजून हलत होती.

मग वास आला. ओल्या कुत्र्यासारखा, पण उग्र. मान वळवली. ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं बांधकाम पुढे आलं होतं, त्याच्या खाली तो बसला होता. आधी मला कुत्राच वाटला. मग ते निमुळतं तोंड दिसलं, झुपकेदार शेपूट चिखलानं चिकटलेलं, एक कान फाटलेला. आमच्यात फार तर एका बाजेचं अंतर होतं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचं अंग थरथरत होतं.

मी इतकी घाबरले की पाय दुखायचा थांबला. कोल्हा पिसाळलेला असला तर काय, एवढंच डोक्यात. लहानपणी गावात पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट ऐकली होती, ते जनावर पाण्याला भितं म्हणे. मी पाठ भिंतीला लावून त्याच्यावर नजर ठेवून बसले. बऱ्याच वेळानं तो माझ्यावरची नजर न काढता खाली सरकला, मान वाकवली आणि चटचट पाणी पिऊ लागला. ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला तहान लागली होती, बस. तो बहुतेक रात्रीच पडला असावा.

मग मी ओरडायला सुरुवात केली. "कोणी आहे का? अहो, कोणी आहे का?" पहिल्या हाकेला तो भिंतीत घुसावं तसा मागे सरला. भिंतीच्या फटींतले पारवे फडफडत वर गेले. थ्रेशरचा आवाज तसाच चालू राहिला. मी आवाज बसेपर्यंत ओरडले. माझा आवाज वर जायचा, बोरीपर्यंत पोचायचा आणि तिथंच संपायचा.

ओरडून दमल्यावर मी शांत बसून विचार केला. मी इथं आहे हे कुणाला कळेल आणि कधी? भावाचा फोन रविवारी, आणि रविवार लांब होता. त्यातही मी उचलला नाही तर तो म्हणेल, आंघोळीला गेली असेल, संध्याकाळी लावू. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवेल. दुसऱ्या दिवशी पहिली पिशवी तशीच दिसली तर दुसरी तिच्या शेजारी अडकवेल. समोरच्या घरी नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. कचेरीतल्या मैत्रिणी सणावाराला मोबाईलवर फुलांची चित्रं पाठवायच्या. मी एकेकाला आठवत गेले, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात म्हणाला, असेल कुठंतरी.

पाय मोडल्याचं दुःख नव्हतं, मरायची भीतीही त्या घटकेला नव्हती. आपली कुणी वाट पाहत नाही, ही गोष्ट मला माहीत होती. पण ती इतकी साफ, दिवसाउजेडी समोर कधी आली नव्हती. त्या विहिरीत मला ती दिसली, आणि तिथून तोंड फिरवायला जागा नव्हती.

दुपारी ऊन सरळ आत आलं. पाण्यावरून त्याचं प्रतिबिंब भिंतीवर हलायला लागलं. उघड्यावर आलेल्या मुळांना छोटे छोटे बेडूक चिकटून बसले होते, आधी ते मला दगडच वाटले होते. अंगावरची साडी वाळायला लागली, तसं बरं वाटलं. कोल्ह्यालाही बरं वाटलं असावं. तो उठला, अंग झटकलं, भिंतीकडे पाहिलं आणि एकदम उडी मारली. पुढचे पाय एका दगडावर टेकले, नखं खरखरली, आणि तो दगडासकट पाण्यात पडला.

तो पोहत आपल्या कोपऱ्याकडे गेला, पण तिथला काठ आता आणखी तुटला होता. पंजे लावायचा आणि माती सुटायची. पुन्हा लावायचा. त्याचं डोकं पाण्याखाली जाऊन वर येताना मी पाहिलं. ढिगारा माझ्या बाजूला उतरता होता. मी चांगला पाय पोटाशी घेतला आणि मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला सारला. तेवढं करताना तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. जागा झाली. "ये," मी म्हटलं. "इकडून ये बाबा. इकडून."

तो माझ्या बोलण्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. त्याला दुसरा रस्ताच नव्हता. पण तो आला. माझ्या पावलांशेजारून वर चढला, त्याच्या अंगाचं पाणी माझ्या साडीवर उडालं. धापा टाकत उभा राहिला. मग हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर तो माझ्याकडे पाठ करून आडवा झाला. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. जनावर घाबरलं असेल तर पाठ दाखवत नाही, एवढं मला कळतं. किंवा तो इतका थकला होता की त्याला आता कशाचीच पर्वा नव्हती. काही असो, मी त्याच्याशी बोलायला लागले.

कचेरीत मी शुद्ध बोलायची. घरी आईशी मात्र आपलं गावाकडचं. त्या दिवशी तेच तोंडात आलं. "तू कवा पडला रे? तुयावाले लोक शोधत असतीन ना तुले?" त्याचा फाटका कान हलला. मग एकातून एक निघत गेलं, आणि जे मी भावालासुद्धा सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं.

आईला वाटायचं मी तिच्याकडे कामाला ठेवलेली बाई आहे. मी तिला आंघोळ घालायची, भरवायची, केस विंचरायची. ती मला अहो-जाहो करायची. आणि रोज संध्याकाळी, वंदना झाली की माझ्याकडे पाहून म्हणायची, "बाई, आता तुमी घरी जा. दिवस बुडला. तुमच्या घरचे वाट पाहून राह्यले असतीन." रोज. पहिल्यांदा मी सांगायची, आई, हेच माझं घर, मी तुझी मुलगी. ती कसंनुसं हसायची, परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं. मग मी सांगणं सोडलं. "जाते हो बाई," म्हणायची, चप्पल घालून दाराबाहेर जायची, पायरीवर बसायची, आणि तिला झोप लागली की आत यायची.

हे सगळं मी बसक्या आवाजात त्या कोल्ह्याला सांगितलं. "कोनत्या घरी जाऊ सांग बरं," मी म्हटलं, आणि रडले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, खूप कामं होती. तो तसाच पडून होता. एकदा त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे फिकट होते, चहाच्या रंगाचे. कित्येक दिवसांत माझ्याकडे इतका वेळ कुणी पाहिलं नव्हतं.

ऊन भिंतीवरून वर गेलं आणि थार वाजायला लागलं. आणि मग एकाएकी थ्रेशर बंद झाला. इतकं शांत झालं की पाण्यात पडणारे मातीचे खडे ऐकू येऊ लागले. थोड्या वेळानं वर वाळल्या गवतात पावलं वाजली. बांगड्या वाजल्या.

पुढं काय झालं ते त्या बाईनं मला नंतर हसत हसत सांगितलं. थ्रेशरवर कामाला आलेल्या बायकांपैकी ती एक. घरी निघायच्या आधी आडोशाला म्हणून ती बोरीमागे आली होती. ती बसणार तेवढ्यात जमिनीतून आवाज आला, "ओ बाई!"

"अवं माय वं!" एवढं मला ऐकू आलं. मग पळणारी पावलं आणि लांबून आरडाओरडा, "विहीर बोलून राह्यली वं! विहीर बोलून राह्यली!"

मी जीव तोडून हाका मारल्या. बऱ्याच पावलांचा आवाज आला आणि काठापासून लांबच थांबला.

"कोन हाय अंदर?" तीच बाई. "मानूस हाय का दुसरं काही?"

"माणूस आहे वो बाई! मी या वावरवाल्याची पोरगी!"

"पाय दाखवा आधी!" भुताचे पाय उलटे असतात.

"पायच तं मोडला!"

वर बायका हसायला लागल्या, आणि मीही. एक चेहरा काठावरून वाकला. पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडावर भुश्याचा थर. "थांबा बाई, भिऊ नका. मानसं बोलावतो." मग तिची नजर सरकली. "आन् ते बाजूले काय हाय?"

"कोल्हा."

"तुमचा हाय का?"

"नाही वो. तो माझ्या आधीपासून आहे."

माणसं जमली. कुणीतरी भाच्याला फोन लावला, तो लग्नातून गाडी घेऊन धावत आला. बाजेला चार बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली. कोल्हा त्या गडबडीनं पुन्हा कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसला. मी बाजेवर सरकले. वर ओढताना बाज फिरत होती, आणि मी त्याच्याकडे पाहत होते. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

वर आले तर भाचा रडवेला झाला होता. "आत्या, येऊन राह्यली म्हणून सांगतलं काऊन नाई तू? एक फोन कराचा!"

"त्याले काढा आधी," मी म्हटलं.

"कोनाले?"

"कोल्ह्याले."

"त्याचं पाहू उद्या. फॉरेस्टवाल्याइले फोन करतो. तू चाल दवाखान्यात."

"उद्यापर्यंत तो राहत नाही. काहीतरी टाका आत. मी त्याशिवाय हलत नाही." कचेरीत इतकी वर्षं काढली, पण इतक्या जोरात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. भाच्यानं डोक्याला हात लावला. मग दोघातिघांनी धुऱ्यावर पडलेलं बाभळीचं वाळकं खोड ओढत आणलं आणि तिरपं करून विहिरीत सोडलं. तो वर येईपर्यंत थांबता आलं नाही. मला गाडीत घालून हिंगणघाटला नेलं.

सकाळी भाच्याचा फोन आला. "गेला आत्या. खोडावर नखाचे ओरखडे हायेत, वर मातीत पंजे हायेत. नाल्याकडं गेला." मी त्याला दोनदा विचारलं, पाण्यात नीट पाहिलंस ना? पाहिलं म्हणाला. मी विश्वास ठेवला.

भाऊ पुण्याहून आला आणि प्लास्टर असेपर्यंत मला घेऊन गेला. एका संध्याकाळी त्याच्या बाल्कनीत मी त्याला आईचं ते बोलणं सांगितलं, घरी जा म्हणायची ते.  तो म्हणाला, "तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"  तो आत गेला, तोंड धुऊन आला. इथंच राहा म्हणाला. पाय बरा झाल्यावर मी परत आले. त्यांच्या घरी माझ्यावाचून काही अडत नव्हतं आणि सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते, दोन्ही गोष्टी मला जड झाल्या.

भाची विचारते, मग बदललं काय? मी एकटीच राहते. टीव्ही अजूनही लावते, आता कधीकधी पाहतेसुद्धा. भाच्यानं विहिरीच्या तोंडावर जाळी बसवून घेतली. एक मात्र झालं. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. आई होती तोवर मी म्हणायची. ती गेल्यावर म्हणणार कुणाला? पुण्याहून आल्यावर पहिल्यांदा भाजीला निघाले, तेव्हा कुलूप लावून समोरच्या दाराशी गेले. बिऱ्हाडातली मुलगी बाहेर आली, कडेवर बाळ. मी म्हटलं, "येते हं." ती गोंधळली. "कुठं चाललात काकू?" "भाजीला. तासाभरात येते." ती "बरं" म्हणाली. आता सवय झाली आहे. एकदा मला बँकेत उशीर झाला तर ती फाटकाशी उभी होती. मला पाहून आत गेली.

विहीर बोलते म्हणून पळालेली बाई अधूनमधून येते. पहिल्यांदा आली ती कैऱ्या घेऊन. आता येते ती नुसतीच येते, दिवसभर थांबते. तिला वाचता येत नाही. मागच्या वेळी हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. आडोशाला बसायची गोष्ट आली तेव्हा तिनं मला चापट मारली आणि पोट धरून हसली. आईचं आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. सगळं संपल्यावर म्हणाली, "बराबर लिवलं. पन हाताचं नाई लिवलं तुमी."

"कोणत्या हाताचं?"

"अवं, बाजेवरून काढलं तवा तुमी माया हात धरला ना. मंग सोडलाच नाई. गाडीतई नाई. मले तशीच बसा लागलं तुमच्या संगं, भुश्याच्या कपड्यात, हिंगनघाटपर्यंत. दवाखान्यात नर्सबाईनं सोडवला तवा सुटला."

मला हे अजिबात आठवत नाही. खोड आठवतं, भाच्याचा चेहरा आठवतो, गाडीतला गुलाबाच्या अत्तराचा वास आठवतो. हात आठवत नाही. ती गाडीत होती हेच मला माहीत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.

"दुखला असेल ना हात?" मी विचारलं.

"दुखला तं," ती म्हणाली. "पन मी काही सोडवला नाई. म्हटलं, धरू दे."